जावई विनावाहक पाहिजे

शालिकभाऊ मेश्राम कुठल्याही खोलीत शिरले की आधी तिथल्या माणसांना मागे सरकवत. लग्नाचा मांडव असो, विहारातली वंदना असो की तहसील कचेरीतली रांग असो, दारात उभं राहायचं, एका हाताने चौकट धरायची, मान आत घालायची आणि म्हणायचं, "सरका जी, मांगे सरका. मांगे जागा हाये." आणि लोक सरकत हो. मी स्वतः माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर सरकत सरकत कोपऱ्याला जाऊन टेकले आहे, आणि मग लक्षात आलंय की खोलीत आम्ही दोघंच आहोत. एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयतीला घरात दाटी झाली, तर हे गृहस्थ उंबऱ्यावरून म्हणाले, "ज्याचं दर्शन झालं त्यानं मांगच्या दारानं उतरा." रडणाऱ्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. म्हाताऱ्याचा सख्खा मुलगा मुकाट्याने मागच्या दाराने उतरला आणि गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने परत आला.

ते एसटीत कंडक्टर होते. रात्री मोहाडीला मुक्काम करून सकाळी तुमसरमार्गे सिहोऱ्याला जाणारी गाडी त्यांची. मी सिहोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची, राहायची मोहाडीत, आणि आमच्या दोघांच्या घरांत एक कुंपण. सकाळी ते कुंपणावरून मला "चला मॅडम, टाइम झाला" म्हणून हाक मारत, आणि थोड्या वेळाने त्याच गाडीत माझ्यासमोर उभे राहून, जन्मात कधी पाहिलं नसल्यासारखे विचारत, "कुठी?" रोज. एकदा मी वैतागून म्हटलं, "शालिकभाऊ, मी कुठे जाते ते तुम्हाला माहीत नाही का?" तर म्हणाले, "घरी माहीत हाये जी. गाडीत माहीत नाही." मी सिहोरा म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

लोक त्यांना कंडक्टर म्हणत ते त्यांना आवडायचं नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर "वाहक" लिहिलेलं होतं आणि त्या शब्दावर त्यांचा भारी जीव. "कंडक्टर म्हंजे तिकीट फाडणारा. वाहक म्हंजे वाहून नेणारा," ते सांगत. ड्रायव्हरबद्दल त्यांचं मत होतं की तो फक्त गाडी नेतो, माणसं वाहक नेतो. मग काही मार्गांवर विनावाहक गाड्या सुरू झाल्या. तिकीट स्टँडवरच काढायचं, गाडीत वाहक नाही. शालिकभाऊंच्या तोंडची चव गेली. "विनावाहक गाडी म्हंजे बिननवरदेवाची वरात," असं ते प्रत्येक थांब्यावर, विचारलं नसताना सांगत. त्याच सुमारास ते निवृत्त झाले. बिल्ला जमा करावा लागला. त्यानंतर कितीतरी दिवस बोलता बोलता त्यांचा हात छातीवर जायचा, तिथे काही नसायचं, मग ते शर्टाचं बटण लावल्यासारखं करायचे. मला वाईट वाटायचं.

आता यानंतर जे झालं त्याला एक शब्द कारण आहे आणि मी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला बहिणीकडे होते हे एक कारण आहे. मी नसताना विहारात रक्ततपासणीचं शिबिर झालं. आमच्याकडे सिकलसेलचा आजार बऱ्याच घरांत आहे, म्हणून अशी शिबिरं होत असतात. शालिकभाऊंनी स्वतःचं, बायको शोभावैनींचं आणि लेक सुजाताचं रक्त दिलं. सुजाता भंडाऱ्याला एका दुकानात हिशेबाचं काम करायची, सकाळी जायची, संध्याकाळी यायची. त्यामुळे कार्डं आली ती घरचे कर्ते म्हणून शालिकभाऊंच्या हातात. त्यांनी चष्मा लावला. पहिल्याच कार्डावर स्वतःचं नाव, आणि त्याखाली लिहिलेलं: सिकलसेल वाहक.

पुढचं मला शोभावैनींनी सांगितलं. ते खुर्चीवर बसले, मग उठले, मग परत बसले. "शोभा, डेपोनं काढलं, पण रक्तानं ठेवलं," म्हणाले. डोळ्यांत पाणी. मग सुजाताचं कार्ड पाहिलं, त्यावरही वाहक. वाहकाची पोरगी जन्मजात वाहक. शोभावैनींच्या कार्डावर मात्र "सामान्य" होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि बायकोकडे दयेने पाहून म्हणाले, "तू विनावाहक निघाली बाप्पा." मग जलेबी आणून गल्लीभर वाटली. शिबिरातल्या नर्सबाईंनी समजावलं नसेल का? समजावलं होतं. "तुम्ही वाहक आहात, घाबरायचं काही नाही," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि शालिकभाऊंनी उत्तर दिलं होतं, "घाबरते कोण जी, जिंदगी गेली." सुजाताने बाबांना गल्लीत "घरी दोन वाहक" म्हणताना ऐकलं, पण तो शब्द ती पाळण्यात असल्यापासून ऐकत होती. तिने लक्ष दिलं नाही.

मी सुट्टीवरून परतले त्याच आठवड्यात अड्याळचे पाहुणे येणार होते. मुलगा पंकज, सुजाताच्या शेजारच्याच दुकानात कामाला. दोघांचं आधीच जुळलेलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. राहिली होती ती साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची. पंकजचे आईवडील आले, त्याची आत्या आली. आत्या गावात आशा कार्यकर्ती होती, म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याचं सांगणारी. शेजारीण म्हणून आणि "शिकलेलं कोणी पाहिजे" म्हणून मला बोलावलं. शालिकभाऊंनी दारातून सगळ्यांना सरकवून घेतलं, आलूबोंडे फिरले, आणि ते बोलायला उभे राहिले.

"आमच्या घरी पत्रिका पाहत नाही," ते म्हणाले. "माह्या बापानं दीक्षा घेतली तवाच पत्रिका चुलीत घातली. पण आपण सोयरे होऊन राहिलो, तं एक गोष्ट सांगून ठेवतो. माही पोरगी वाहक हाये."

"कशाची वाहक?" आत्याने विचारलं.

"रक्तानं वाहक हाये. कागद हाये नं." आणि त्यांनी खिशातून कार्डं काढून पाहुण्यांच्या हातात दिली, आधी स्वतःचं, मग सुजाताचं.

आत्याने कार्ड वाचलं, परत वाचलं आणि हळूच म्हणाली, "आमचा पंकजबी वाहक हाये."

शालिकभाऊंनी पंकजच्या वडिलांना उठवून मिठी मारली. "मंग तं जमलंच जी. सासरा वाहक, पोरगी वाहक, जावई वाहक. एका गाडीत तीन."

"जमलं नाही भाऊ," आत्या म्हणाली. "दोघं वाहक असले तं लग्नच नाही जमत. आम्हाले तसंच शिकवलं हाये."

मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, कारण मी विज्ञानाची बाई. माझ्या तोंडात अख्खा गरम आलूबोंडा होता. मी तो कसा गिळला ते माझं मला माहीत.

मी सांगायला लागले. रक्त कसं बनवायचं याची सूचना प्रत्येकाच्या शरीरात दोनदा लिहिलेली असते, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. शालिकभाऊंच्या शरीरात एक सूचना बरोबर आहे, एक चुकलेली. एक बरोबर असली तरी भागतं, माणूस ठणठणीत राहतो. अशा माणसाला वाहक म्हणतात, चुकलेली सूचना तो नुसती पुढे नेतो. पण आई आणि वडील दोघेही वाहक असले आणि बाळाला दोघांकडून चुकलेलीच आली, तर बाळाला आजार होतो. त्याच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, हातपाय ठणकतात, डोळे पिवळे पडतात, थंडीत जास्तच. असं होण्याची शक्यता चारात एक.

"चारात एक?" शालिकभाऊंचा चेहरा जरा उजळला. "मंग तीनच होऊ द्यावं. चौथं नाही."

"तसं नाही शालिकभाऊ. प्रत्येक बाळाच्या वेळी नव्याने चारात एक. पहिल्यालाही होऊ शकतो, आणि चौघांपैकी एकालाही झाला नाही असंही होऊ शकतं."

"म्हंजे हरेक फेरीले नवीन गाडी," ते म्हणाले. आणि मग एकदम त्यांनी विचारलं, "हातपाय कसे ठणकतेत म्हणाल्या मॅडम?"

मी परत सांगितलं. ते खाली बसले. मग म्हणाले, "गोविंदा." गोविंदा त्यांचा धाकटा भाऊ. थंडी सुरू झाली की हाडं दुखतात म्हणून रात्रंदिवस रडायचा, डोळे हळदीसारखे पिवळे. कोणी कावीळ म्हटलं, कोणी बाहेरचं म्हटलं, झाडपाला झाला, अंगारा झाला. मिसरूड फुटायच्या आधी गेला. त्याला काय झालं होतं ते त्याच्या भावाला त्या दिवशी, आलूबोंड्यांच्या ताटासमोर कळलं.

पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. पंकज जाता जाता सुजाताकडे पाहत राहिला, आत्याने त्याला दंडाला धरून नेलं. दार लागल्यावर सुजाता बापासमोर उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा," ती म्हणाली, "माह्या रक्तात काय हाये ते मले पाहुण्यासंगं कळलं. मले आधी सांगाले काय झालं होतं?" शालिकभाऊंनी छातीवर हात नेला आणि तिथलं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. आठवडी बाजारात सुजाताचं नाव "ती वाहकवाली" पडलं. पोरीला काय झालंय ते कोणाला माहीत नव्हतं, पण काहीतरी झालंय हे सगळ्यांना माहीत होतं. मी दोघी-तिघींना थांबवून समजावलं की बायांनो, तुमच्यातही वाहक असतील, हा आजार नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या दुकानात जाऊन सांगितलं की मॅडमच्या तोंडून ऐकलं, पक्कं आहे. मी कपाळाला हात लावला.

शालिकभाऊ मात्र कामाला लागले. त्यांनी ठरवलं की सुजातासाठी असा मुलगा शोधायचा ज्याच्या रक्तात ही भानगड नाही. ज्या शब्दावर ते थांब्याथांब्यावर थुंकले तोच शब्द घेऊन ते गावोगाव फिरायला लागले. "जावई विनावाहक पाहिजे," असं ते सांगत. बाजारात तरणा मुलगा दिसला की आडवे होत.

"का रे, लग्न झालं तुहं?"

"नाही जी काका."

"मंग रक्त काय हाये?"

"बी पॉझिटिव्ह."

"ते नाही बे. वाहक का विनावाहक?"

पोट्टे शालिकभाऊ दिसले की गल्ली बदलायला लागले. आठवडाभरात बोलवा उठली की निवृत्त कंडक्टर किडनीच्या धंद्यात पडला. चौकीतल्या एका हवालदाराने त्यांना बोलावून चौकशीही केली. शालिकभाऊंनी त्याला सगळी हकीकत सांगितली आणि निघताना विचारलं, "तुमचं लग्न झालं काय जी?"

शेवटी सिहोऱ्याकडचं एक स्थळ मिळालं. मुलाच्या वडिलांनी रक्ताचा रिपोर्ट लॅमिनेट करून आणला होता आणि तो ते दहावीच्या गुणपत्रिकेसारखा सगळ्यांना दाखवत होते. मुलगा सरळ, साधा, घरी धानाची शेती. त्याच्यात एकच गोष्ट होती, तो कशालाही "हौ" म्हणायचा. सुजाताने विचारलं, तुम्हाला शेती आवडते का? हौ. नोकरी आवडली असती का? हौ. मी लग्नानंतर भंडाऱ्यालाच राहीन म्हटलं तर? हौ. मग ती माझ्याकडे एकदा पाहून म्हणाली, "मले तुम्ही पसंत नाही म्हटलं तं?" मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, "हौ." मला हसू आवरेना, मी पाणी आणायला आत पळाले. शोभावैनी आधीच आत होत्या, तोंडाला पदर लावून भिंतीकडे तोंड करून उभ्या.

त्या संध्याकाळी बापलेकीचं झालं. कुंपण म्हणजे काय, चार बांबू. मला सगळं ऐकू आलं, आणि ऐकू आलं नसतं तर मी जवळ जाऊन ऐकलं असतं.

"आजोबानं पत्रिका चुलीत घातली म्हणता नं बाबा," सुजाता म्हणत होती. "मंग तुम्ही हे काय करून राहिले? पत्रिकाच पाहून राहिले. फरक काय?"

"फरक हाये बाई."

"काय हाये?"

"पत्रिका खोटी होती म्हणून सोडली," शालिकभाऊ म्हणाले. "हे खरं हाये. गोविंदाले मी पाठीवर घेऊन फिरलो. म्हणून सोडवत नाही."

मी कुंपणाजवळ उभी होते, हातातलं तांदळाचं ताट तसंच. शाळेत एवढी वर्षं हा धडा शिकवला, पण मुलांनी मला कधी असा प्रश्न विचारला नव्हता आणि असं उत्तरही दिलं नव्हतं. सुजाता म्हणाली, "तुमचं भेव खरं हाये बाबा. पण लग्न माहं हाये. मी आणि पंकज भंडाऱ्याले दवाखान्यात विचारून येतो, मंग ठरवतो." आणि मग म्हणाली, "तुम्ही येऊ नका." शालिकभाऊ "हौ" म्हणाले.

अर्थातच ते आले. सुजाताने मला बरोबर घेतलं, ते बाबांना धरायला. दवाखान्यात सल्ला देणाऱ्या बाई छोट्याशा खोलीत बसल्या होत्या. आम्ही शिरताच शालिकभाऊंनी चौकट धरली आणि त्या बाई बिचाऱ्या स्वतःची खुर्ची घेऊन भिंतीला टेकल्या. मग त्यांनी दोघांची कार्डं पाहिली, सगळं नीट समजावलं. शालिकभाऊंनी विचारलं, "दोघं वाहक असले तं लग्न करू नये, असा शासनाचा नियम हाये काय?"

"नियम नाही काका. आम्ही माहिती देतो, ठरवायचं या दोघांनी."

ते हिरमुसले. "नियम असता तं बरं झालं असतं," मला हळूच म्हणाले. "नियम दाखवून मी भल्याभल्याले खाली उतरवलं हाये."

बाईंनी सांगितलं की पोटातल्या बाळाची सिकलसेलसाठी आधी तपासणी करता येते. शालिकभाऊंनी उठून दार लावलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, ते तं गुन्हा हाये." बाईंनी समजावलं की मुलगा की मुलगी हे पाहणं गुन्हा आहे, आजार पाहणं नाही. त्यांनी असंही सांगितलं की आता औषधं चांगली आहेत, आजार असलेली मुलं शिकतात, नोकऱ्या करतात. आणि चुकलेली सूचनाच दुरुस्त करायचं नवं तंत्र जगात निघालंय.

"मोहाडीले थांबते काय ते?" शालिकभाऊंनी विचारलं.

"सध्या नाही काका. फार महाग आहे."

"मंग सुपरफास्ट हाये," ते म्हणाले, आणि त्या बाई खूप दिवसांनी हसल्यासारख्या हसल्या.

मग शालिकभाऊ टेबलावर बोट फिरवत बसले. "एक विचारतो," म्हणाले. "हे तपासणं तवा असतं, तं माह्या मायच्या पोटातल्या गोविंदाले हे दुखणं हाये ते आधीच कळलं असतं. मंग तिनं काय करायचं होतं? तो रडे बहुत, पण हसेबी बहुत. मले नावं ठेवे. मी गाडीगाडी खेळलो तं तोच प्रवासी व्हायचा, दुसरं कोणी नाही बसे."

बाईंनी हातातली कार्डं बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "ते तुमच्या आईनं ठरवलं असतं काका. मी नाही, आणि तुम्हीही नाही."

परतीच्या गाडीत पंकज आणि सुजाता मागच्या सीटवर बोलत होते. शालिकभाऊ माझ्या बाजूला बसले होते, मागे काय चाललंय ते ऐकायला कान ताणून, आणि गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं म्हणून ड्रायव्हरवर चिडून. मोहाडीला उतरल्यावर सुजाता म्हणाली, "आम्ही लग्न करतो बाबा. बाकीचं आमचं आम्ही पाहू." त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ते पुढे चालायला लागले.

अड्याळच्या लोकांना मनवायला थोडे दिवस गेले. नवल म्हणजे त्यात आत्याच पुढे होती; पंकजने दोन वेळ जेवण सोडल्यावर ती म्हणाली, मला शिकवलेलं मी पाठ म्हणून दाखवलं होतं, पोराचं तोंड पाहिलं नव्हतं. धान निघाल्यावर लग्न झालं. मांडवात शालिकभाऊंनी वऱ्हाड्यांना किती सरकवलं ते सांगत नाही. स्वयंपाकी भट्टीसकट हलला होता.

सुजाताला दिवस गेले तेव्हा शालिकभाऊंची खरी कसोटी लागली. पोटातल्या बाळाची तपासणी केली की नाही, काय निघालं, हे तिने आणि पंकजने कोणालाही सांगितलं नाही. बापाला तर नाहीच. "तुम्हाले सांगणं म्हंजे लाउडस्पीकरवर सांगणं," ती म्हणाली होती, आणि त्यात खोटं काय होतं? शालिकभाऊ झुरले. माझ्याकडे येऊन म्हणत, मॅडम, तुम्हीच काढा नं तिच्या तोंडातून. शोभावैनींना विचारत, पंकजला आडून विचारत. पंकज म्हणे, "सुजाताले विचारा." एकदा ते तिला म्हणाले, "सांगू नको, नुसती मान हलव." तिने मान हलवली नाही. मुलगी झाली. बाळंतपण मोहाडीलाच. बाळाचं रक्त दवाखान्यात तपासायला गेलं, कार्ड आलं, ते सुजाताने स्वतः जाऊन आणलं आणि कुठे ठेवलं ते कोणाला माहीत नाही. बाळाला स्वेटर मात्र आजोबा भर उन्हाळ्यात घालायचे. शोभावैनी काढायच्या, ते परत घालायचे.

त्याच उन्हाळ्यात माझी पवनीकडे बदली झाली. सामान टेम्पोत चढलं, आणि मी निरोप घ्यायला कुंपणापलीकडे गेले. शालिकभाऊ ओट्यावर नातीला खांद्यावर घेऊन बसले होते. एवढ्या वर्षांचा शेजार, मला काही सुचेना, आणि सुचेना तेव्हा माझ्या तोंडून नको तेच निघतं. मी हळूच विचारलं, "शालिकभाऊ, हिचं काय निघालं हो?"

"माहीत नाही जी," ते म्हणाले.

सुजाताने आतून ऐकलं. ती दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ बापाकडे, त्याच्या खांद्यावरच्या पोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगू काय बाबा? आता सांगू काय?"

ज्या गोष्टीसाठी हा माणूस इतके महिने तळमळला ती आता दाराशी आली होती. त्यांनी मान वर केली. मी पाहिलं, त्यांना विचारायचं होतं. ओठ हललेही. मग त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला.

"नको," म्हणाले. "तिचं रक्त हाये, तिले विचारलं काय आपण? मोठी होऊ दे. तिले वाटलं तं तिचं ती सांगल. नाही वाटलं तं नाही सांगल."

शालिकभाऊंनी लेकीची माफी त्या आलूबोंड्यांच्या दिवसापासून एकदाही मागितली नव्हती, आणि तिने मागायला सांगितलीही नव्हती. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली.